दुसऱ्या फळीचं औषध

(जागतिक क्षयरोग दिनानिमित्त आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्या निमित्तानं दरवर्षी शाळकरी मुलांची फेरी निघते, भिंतींवर घोषणा रंगवल्या जातात आणि रेडिओवर कुणीतरी बोलतं. यंदा ती पाळी माझ्यावर आली आहे.

नोकरीची बरीच वर्षं मी तापीकाठच्या एका तालुक्यात क्षयरोग पथकाचा उपचार पर्यवेक्षक होतो. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायचं, कोण गोळ्या घेतोय आणि कोणी सोडल्या ते बघायचं, सोडल्या असतील तर घरी जाऊन समजूत काढायची, हे माझं काम. एक वाक्य मी हजारो वेळा बोललो असेन : ‘औषध सोडू नका.’ हे वाक्य खरं आहे, आजही खरं आहे. पण एकदा ते मी चुकीच्या वेळी बोललो. ती गोष्ट सांगितल्याशिवाय या रोगाच्या औषधांचा इतिहास माझ्याच्यानं पुरा सांगून होणार नाही. म्हणून आधी इतिहास सांगतो, गोष्ट ओघात येईलच.

क्षय आपल्याकडे जुना. वैद्यांनी त्याला ‘राजयक्ष्मा’ म्हटलं. थेऊरला १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे गेले ते याच रोगानं, अवघ्या २७ व्या वर्षी. डॉक्टर होऊन अमेरिकेहून परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये गेल्या त्याही यानंच. पेशव्यांच्या मृत्यूनंतर ११५ वर्षं उलटली होती, वैद्यकीचं शिक्षण सातासमुद्रापलीकडून आलं होतं, पण या रोगावर देण्याजोगं औषध कुणाकडेच नव्हतं. विश्रांती, दूध-अंडी आणि मोकळी हवा, एवढाच उपचार. ज्यांना झेपत होतं ते पाचगणीला किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जात. ज्यांना झेपत नव्हतं त्यांची खाट ओसरीच्या कोपऱ्यात पडे आणि ताट-वाटी वेगळी होई.

पहिलं औषध आलं ते मातीतून. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकानं मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. त्याची कसून परीक्षा घेतली ती ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं. एकूण १०७ रुग्ण घेतले. ५५ जणांना सुई आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पाहिलं तर सुई घेतलेल्यांपैकी चौघं दगावले होते आणि न घेतलेल्यांपैकी १४. हा निकाल १९४८ मध्ये छापून आला आणि जगभर आनंद झाला.

पण याच प्रयोगाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याच रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा सुई घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ जण मरण पावले होते. म्हणजे फरक जवळजवळ पुसला गेला होता. सुरुवातीला माणसं उठून बसली, वजन वाढलं, ताप गेला, आणि मग बऱ्याच जणांचा आजार पुन्हा उलटला. आता स्ट्रेप्टोमायसिन त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं.

असं का होतं, हे आपल्या खानदेशातल्या कपाशी लावणाऱ्याला मी शिकवण्याची गरज नाही. बोंडअळीवर दरवर्षी एकच औषध फवारलं तर काय होतं? शंभरातल्या नव्व्याण्णव अळ्या मरतात, एक चिवट उरते, आणि पुढच्या हंगामात शेतात सगळी तिचीच पिलावळ असते. बीटी बियाण्याचंही तेच झालं. पिशवीबरोबर साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची, ती कडेनं लावा म्हणून सांगितलेलं असायचं. किती जणांनी लावली? २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातली कपाशी कशी खाल्ली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

क्षयाच्या जंतूचा हिशेब असाच आहे. फुफ्फुसात पडलेल्या एका मोठ्या पोकळीत दहा-दहा कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला मुळातच दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. म्हणजे त्या पोकळीत असे शंभर निघाले. नुसतं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतील, हे शंभर वाढत राहतील. रिफाम्पिसिनला दाद न देणारा साधारण दहा कोटींत एक. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू सापडायचा तर एक कोटीला एक कोटीनं गुणून जेवढे होतील तेवढ्यांत एक. तेवढे जंतू कुणाच्याच अंगात नसतात. म्हणून नियम असा की क्षयावर औषध एकटं द्यायचं नाही, आणि जे औषध हरतंय त्यात नुसतं एक नवं औषध टाकायचं नाही. हा धडा १९४८ मध्येच मिळाला होता. माझी पुढची सगळी गोष्ट हा धडा पुन्हा पुन्हा विसरला गेल्याची आहे.

त्या काळी मात्र शास्त्रज्ञांनी तो लगेच अमलात आणला. स्वीडनमध्ये यॉर्गन लेमान यांनी पॅस नावाचं औषध काढलं होतं, ते स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला दिलं जाऊ लागलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची गोळी आली, स्वस्त आणि गुणकारी. मग १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या वस्तीतल्या घरीच ठेवून वर्षभर सारखीच औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल आला : घरी राहणारेही तितकेच बरे होतात, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढत नाही. या निकालानं जगातली आरोग्यधामं ओस पडली. खेड्यातल्या गरिबाला प्रथमच बरं होण्याची वाट मिळाली. १९६२ मध्ये आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर.

पण औषध घरी गेलं आणि त्याबरोबर एक प्रश्नही घरी गेला. वर्ष-दीड वर्ष रोज गोळ्या घेणार कोण? दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामाला लागतो. आपल्याकडे तर दिवाळी झाली की सातपुड्यातली, साक्री-शिरपूरकडची माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला गुजरातेत निघतात. चोपडा-अमळनेरची पोरं सुरतेच्या यंत्रमागावर असतात. कार्ड इथं, माणूस तिथं. औषधाची पाकिटं कपाटात आणि रुग्ण ताप्ती लाइनच्या गाडीत, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्यात कुणाला दोष द्यावा ते मला कळत नसे. पोट बांधून कोणी बरा होत नाही.

१९६० च्या दशकाच्या शेवटी रिफाम्पिसिन आलं आणि चित्र पुन्हा पालटलं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल अशी चौकडी जमली. उपचार दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आला. ही झाली पहिली फळी.

मग दुसरी फळी कुठून आली? पुष्कळांना वाटतं की ती नवी, जास्त ताकदीची औषधं. तसं नाही. त्यातली बहुतेक औषधं पहिल्या फळीच्याच वयाची आहेत. ती मागं ठेवली होती, कारण ती कमी गुणकारी तरी होती किंवा माणसाला फार सोसावी तरी लागत. इथिओनामाइड १९५६ चं. त्यानं इतकी मळमळ होते की गोळी पाहूनच उलटी येते. सायक्लोसेरिन त्याच सुमाराचं. ते डोक्यावर परिणाम करतं. माणूस गप्प होतो, भलतंसलतं बोलतो, कधी जिवाचं बरंवाईट करायला निघतो. क्लोफाझिमिन १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये क्षयावरच शोधलं गेलं, पण चाललं ते कुष्ठरोगावर, आणि पन्नासेक वर्षांनी परत क्षयाकडे आलं. त्यानं कातडी काळवंडते. आणि कॅनामायसिनची सुई. १९५७ मध्ये जपानच्या नागानो भागातल्या मातीतून हामाओ उमेझावा यांनी ते औषध मिळवलं. ते स्ट्रेप्टोमायसिनच्याच भाऊबंदांतलं. ते मूत्रपिंडांना त्रास देतं, आणि कानाच्या आत ज्या बारीक केसाळ पेशींमुळे आपण ऐकतो, त्या मारतं. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

हे गुपित नव्हतं. औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. म्हणून तर ते मागच्या फळीत होतं. पुढच्या फळीला काही झालंच नसतं तर मागच्या फळीला कुणी हाक मारलीच नसती.

पण पुढच्या फळीला झालं. कसं झालं? आमच्या बैठकांत याचं एकच उत्तर असे : रुग्ण गोळ्या सोडतात. मीही तेच म्हणायचो. आज निवृत्तीनंतर मागं वळून पाहतो तेव्हा हे उत्तर अर्धंच वाटतं.

पहिली बाब चिठ्ठीची. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मुंबईच्या धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना विचारलं की, क्षयावर तुम्ही काय लिहून देता? उत्तरं निघाली ८० प्रकारची. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांच्या चमूनं धारावीतच तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला. ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या मिळाल्या, आणि त्यांतल्या बरोबर फक्त सहा. धारावी दूर आहे म्हणून आपण सुटत नाही. खोकल्याला आधी खोकल्याचं बाटलीतलं औषध, मग ताकदीची सुई, मग कुठलीतरी एखादी क्षयाची गोळी, असा प्रवास करून आलेले रुग्ण मी आपल्याही जिल्ह्यांत पाहिले आहेत.

दुसरी बाब आम्हा सरकारी माणसांची. १९९७ मध्ये सुधारित कार्यक्रम आला आणि २००६ पर्यंत देशभर पोचला. ‘डॉट्स’ म्हणून तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला. समोर बसवून गोळ्या देण्याच्या या पद्धतीनं लाखो लोक वाचले, यात शंका नाही. पण तिच्यात एक खाच होती. पहिला उपचार फसलेल्या माणसाला आम्ही ‘कॅटेगरी दोन’ देत असू. म्हणजे काय, तर तीच जुनी चार औषधं, वर दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची सुई. जंतू कशाला दाद देतो आणि कशाला नाही, ते बहुतेक वेळा न तपासताच. हरणाऱ्या औषधांत एक नवं औषध टाकायचं नाही, हा १९४८ चा धडा. आणि आम्ही छापील तक्त्याप्रमाणे नेमकं तेच करत होतो. जगभर तसंच चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘कॅटेगरी दोन’ बंद करायला सांगितलं ते २०१७ मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे आठवड्यातून तीनदा गोळ्या देणं थांबून रोजची मात्रा सुरू झाली.

आणि तिसरी बाब सगळ्यांत महत्त्वाची. २०१४ ते २०१६ या काळात देशात जंतूंच्या चिवटपणाची राष्ट्रीय पाहणी झाली. आधी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६० टक्के रुग्णांत आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा जंतू सापडला. पण ज्यांनी आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतली नव्हती अशा नव्या रुग्णांतही २.८४ टक्क्यांना तोच जंतू होता. या माणसांनी कोणतं औषध सोडलं होतं? त्यांनी फक्त श्वास घेतला होता. बसमध्ये, मागावर, एका खोलीत दहा जण झोपतात तिथे. चिवट जंतू त्यांना आयता मिळाला होता.

आता ती गोष्ट.

तापीकाठच्या एका गावातला मुलगा. नाव सांगत नाही. वय तेव्हा २२. सुरतेला मागावर होता, २०१० मध्ये खोकत घरी आला. सहा महिन्यांचा उपचार त्याने पुरा केला. माझ्या वहीत त्याची एकही मात्रा चुकलेली नाही. सहा-सात महिन्यांनी खोकला परत. कॅटेगरी दोन दिली, आठ महिने. तीही पुरी केली. २०१३ मध्ये बेडक्याचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला तेव्हा निदान झालं : एमडीआर. गावाकडे त्याला ‘बिघडलेला टीबी’ म्हणतात, जणू रुग्णानंच तो बिघडवला.

अशा रुग्णांसाठीचा ‘डॉट्स प्लस’ कार्यक्रम २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात सुरू झाला आणि २०१३ पर्यंत देशभर पसरला. त्यापूर्वी दुसऱ्या फळीची औषधं ज्याच्या गाठीला पैसा असेल त्यानं बाजारातून घ्यायची, आणि नसेल त्यानं वाट बघायची. आता ती फुकट मिळू लागली, ही लहान गोष्ट नव्हती. उपचार २४ ते २७ महिन्यांचा. पहिले सहा ते नऊ महिने आठवड्यातून सहा दिवस कॅनामायसिनची सुई, सोबत लिव्होफ्लॉक्सॅसिन, इथिओनामाइड, सायक्लोसेरिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. एवढं सोसून देशात बरे होत होते ते निम्म्याच्या आसपास.

त्याला सुई द्यायची ती उपकेंद्रातल्या सिस्टर. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. बसायला येत नसे म्हणून पोरगा ओट्यावर उभा राहून भाकरी खाई. तिसऱ्या महिन्यात मी भेटीला गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘भाऊ, कानात रातकिडे किरकिरतात.’’

मी म्हटलं, ‘‘औषधानं होतं असं थोडं. तू सोडू नको. सोडलंस तर जिवावर बेतेल.’’

पुढच्या खेपेला त्याची माय म्हणाली, ‘‘भाऊ, मागून हाक मारली तर वळून बघत नाही हा.’’ मी पुन्हा तेच सांगितलं. कान तपासायचं यंत्र तालुक्याला नव्हतं. त्यासाठी एक दिवस मोडून जिल्ह्याला जायचं, म्हणजे एक सुई चुकणार. सुई चुकली की माझ्या तक्त्यात खाडा. मी दीड महिना घालवला. शेवटी त्याला घेऊन गेलो तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सुई बंद केली. पण उशीर झाला होता. परत येताना एसटीत तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला, ‘‘माले काही ऐकू येस नही.’’ स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्यानं बोलला. सगळी गाडी वळून बघायला लागली.

तो वाचला. बाकीच्या औषधांनी रोग बरा झाला. त्याचे कान गेले. मला कुणी काही म्हटलं नाही. तक्त्यात तो ‘बरा झालेला’ म्हणून लागला, आणि त्या वर्षी माझ्या कामाची तारीफच झाली.

श्रोतेहो, त्याच्या कानात रातकिडे किरकिरत होते तेव्हा जगात एक औषध तयार होतं. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीत कोएन आंद्रीस यांच्या चमूनं २००५ मध्ये ते जगापुढे आणलं. नाव बेडाक्विलिन. जंतू ज्या यंत्रणेतून स्वतःची ऊर्जा तयार करतो तीच ते बंद पाडतं. चूल विझवण्यासारखं. रिफाम्पिसिननंतर चाळीसेक वर्षांनी आलेलं, क्षयावर अगदी नव्या रीतीनं काम करणारं हे औषध. तोंडानं घ्यायची गोळी. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून तीनदा, सहा महिने. हृदयाच्या ठोक्यांची लय बदलू शकते म्हणून अधूनमधून ईसीजी काढायचा. पण कान शाबूत राहतात.

अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. भारतात ते मार्च २०१६ मध्ये आलं, आणि तेही पाच शहरांतल्या सहा रुग्णालयांपुरतं : दिल्ली, मुंबई, चेन्नई, अहमदाबाद, गुवाहाटी. धुळ्या-जळगावच्या माणसानं एकतर मुंबई गाठायची नाहीतर अहमदाबाद. सावधगिरीचं कारण खोटं नव्हतं. नवं औषध अंदाधुंद वाटलं तर त्याचंही स्ट्रेप्टोमायसिन होईल, ही भीती रास्तच. पण ती भीती औषध न मिळालेल्यांच्या अंगावर पडत होती. उत्तर भारतातल्या एका मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून हे औषध नाकारलं गेलं. तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं, तेव्हा २०१७ मध्ये तिला ते मिळालं. रोग तोवर फार पुढे गेला होता. २०१८ मध्ये ती गेली.

त्याच २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅनामायसिनची सुई या उपचारातून काढायला सांगितलं. भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत बेडाक्विलिन असलेला, सुई नसलेला उपचार आला.

राहिला प्रश्न किमतीचा. औषधाचं मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीनं त्याच रेणूच्या क्षारावर आणखी एक पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबली असती. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली ती दोन तरुणींनी : मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून उठलेल्या. दोघींचंही ऐकणं उपचारातल्या सुईनं नेलेलं. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. मग मुंबईच्या ल्युपिनसारख्या कंपन्यांचं औषध बाजारात आलं आणि जगात त्याची किंमत निम्म्याहून खाली उतरली. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांचं म्हणणं शेवटी कुणीतरी ऐकलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशी चार औषधं, सगळी तोंडानं. ज्या चाचणीवर हा उपचार उभा आहे तिच्यात शंभरातल्या ८९ जणांना गुण आला, जुन्या पद्धतीत ५२. गरोदर स्त्रिया आणि १४ वर्षांखालची मुलं यांना तो देत नाहीत. पण बाकीच्या पुष्कळांचा दोन वर्षांचा वनवास सहा महिन्यांवर आला आहे. निदानही आता दूर राहिलं नाही. रिफाम्पिसिन चालतं की नाही हे सांगणारी यंत्रं जिल्ह्या-तालुक्याला आली आहेत आणि दोन तासांत उत्तर देतात. त्या मुलाचा नमुना २०१० मध्ये अशा यंत्रात घातला असता, तर त्याची अडीच-तीन वर्षं वाया गेली नसती, आणि त्या वर्षांत त्याच्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका राहिला नसता.

मग काळजी कशाची? काळजी त्याच जुन्या धड्याची. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू जगात ठिकठिकाणी सापडू लागले आहेत. दुसरी फळी मोडली तर मागं तिसरी उभी नाही. म्हणून चारही औषधं एकत्र आणि सलग पोचली पाहिजेत. यातलं निम्मं काम रुग्णाचं, निम्मं आपलं. मार्च २०२४ मध्ये देशात पहिल्या फळीच्याच गोळ्यांचा तुटवडा पडला आणि राज्यांनी स्थानिक खरेदी करावी असं केंद्राला कळवावं लागलं. खिडकीवर औषधच नसेल, तर ‘सोडू नका’ हे वाक्य आपण कुणाला सांगणार?

आणि दुसरी गोष्ट, माझ्यानंतर हे काम करणाऱ्या मुला-मुलींसाठी. नवीन औषधंही फुकटात काही देत नाहीत. लिनेझोलिडनं पायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, नजर अधू होऊ शकते. तेव्हा घरी जाल तेव्हा गोळ्या मोजा, पण त्याआधी विचारा : पायात मुंग्या येतात का, दिसतं का नीट, झोप लागते का, मन कसं आहे? आणि उत्तर आलं तर त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरपुढे उभं करा. तक्त्यात एक खाडा पडला तर पडू द्या. तक्रार करणारा रुग्ण औषध सोडायला निघालेला नसतो. औषधाचं काय चाललंय ते तो आपल्याला सांगत असतो. हे मला कळायला फार उशीर झाला.

तो मुलगा आता गावातच शिवणकाम करतो. यंत्राचा आवाज येत नाही, पण हाताला कंप लागतो त्यावरून दोरा तुटल्याचं त्याला कळतं. मी गेलो की दोघं कागदावर लिहून बोलतो. मागच्या खेपेला मी त्याला लिहिलं की मला रेडिओवर क्षयरोगावर बोलायला बोलावलं आहे, तुझी गोष्ट सांगू का? त्याने बराच वेळ कागद हातात धरला, मग खाली लिहिलं : ‘सांगा. नाव नको. आणि पेपरात येणार असेल तर मला पाठवा, रेडिओ मला ऐकू येत नाही.’

म्हणून हे भाषण छापून यावं, अशी विनंती मी संपादकांना केली आहे.